सूक्ष्म यंत्रे आणि दीर्घ साधना

पहाटे घरातील कर्ता माणूस उठू पाहतो, तो त्याचा उजवा हात उचलत नाही, ओठ एका बाजूला ओढले जातात, शब्द तोंडातल्या तोंडात विरतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकलेली असते. नातलगांनी वेळीच ओळखले आणि रुग्णालय जवळ असले, तर डॉक्टर गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देतात. हे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. त्यातही एक मोठी अडचण असते. गुठळी असते अगदी लहान. औषध मात्र रक्तासोबत सर्वांगात फिरते आणि नको त्या ठिकाणी रक्तस्राव घडवण्याचा धोका निर्माण करते. एका घराला लागलेली आग विझवण्यासाठी सबंध गावावर पाण्याचा लोंढा सोडावा, तसाच हा प्रकार होय.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या अडचणीवरील एक उपाय मांडला. ब्रॅडली नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरघळणाऱ्या जेलची एक इवलीशी गोळी तयार केली. तिच्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घातले, जेणेकरून बाहेरच्या चुंबकाने तिला वळवता यावे. टँटॅलम या जड धातूचे कण घातले, जेणेकरून क्ष-किरणांत ती दिसावी. आणि पोटात घातले औषध. धमनीत सोडलेली ही गोळी चुंबकीय क्षेत्राच्या लगामाने हव्या त्या फाट्यात नेता येते. मुक्कामी पोहोचली की वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र देऊन तिच्यातील लोहकण तापवले जातात, जेल वितळते आणि औषध नेमक्या जागी सुटते. रक्तवाहिन्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींत आणि डुकरे व मेंढ्या या प्राण्यांत हे प्रयोग झाले आहेत. माणसांवरील चाचण्यांची पायरी अद्याप पुढे आहे.

अशी वार्ता आली की वृत्तपत्रांतून आश्चर्याचे मथळे झळकतात. 'रक्तात पोहणारा यंत्रमानव' वाचून चहाच्या पेल्याबरोबर कौतुक होते आणि पान उलटले जाते. कौतुक करण्याजोगे हे कार्य आहेच. परंतु विचारी वाचकाने या कौतुकापाशी थांबू नये. ही यंत्रे कशाची बनतात, ती बनवण्याचे सामर्थ्य कसे येते, आणि ती प्रत्यक्षात आली तेव्हा भारतीय रुग्णाला ती कोणाच्या दारात जाऊन, कोणत्या किमतीला घ्यावी लागतील, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

कल्पनेपासून कुपीपर्यंत

ही कल्पना आजची नाही. २९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी एक व्याख्यान दिले. द्रव्याच्या अगदी तळाशी, अणूंच्या पातळीवर, काम करायला केवढी प्रचंड जागा मोकळी पडली आहे, हा त्या व्याख्यानाचा विषय होता. त्यात त्यांनी आपले मित्र अल्बर्ट हिब्ज यांची एक कल्पना सांगितली. शल्यचिकित्सकच इतका छोटा करावा, की रुग्णाने तो गिळावा. मग त्याने हृदयापर्यंत जाऊन बिघडलेली झडप पाहावी आणि नीट करावी! १९६६ साली हॉलिवूडने अशाच कल्पनेवर 'फँटॅस्टिक व्हॉयेज' हा चित्रपट काढला. शास्त्रज्ञांची एक तुकडी पाणबुडीसह सूक्ष्म होऊन रुग्णाच्या शरीरात शिरते, असे त्याचे कथानक होते.

चित्रपटातील पाणबुडी पडद्यावरच राहिली. प्रत्यक्षात गिळण्याजोगा कॅमेरा आला, तो इस्रायलमधून. गॅव्रिएल इडान हे तेथील संरक्षण संशोधन संस्थेतील अभियंते. क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणारे डोळे घडवणे हे त्यांचे काम. लहान आतड्याचा बराचसा भाग नेहमीच्या दुर्बिणीच्या नळीने दिसत नाही, हे एका वैद्यकीय मित्राकडून त्यांना कळले. क्षेपणास्त्राच्या टोकावर कॅमेरा बसू शकतो, तर तो गोळीत का बसू नये, असा विचार त्यांनी केला. त्यातून साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, कॅमेरा, दिवा आणि प्रक्षेपक पोटात असलेली कुपी जन्मली. २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. आज भारतातील मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही कुपीची ही तपासणी होते.

इडान यांची कुपी आतड्याच्या हालचालीबरोबर वाहत जाते. स्वतः वळत नाही, थांबत नाही. पुढची पायरी गाठायची, तर यंत्र याहून कित्येक पटींनी लहान हवे आणि आज्ञेनुसार चालणारे हवे. येथे केवळ आकार कमी करून भागत नाही, कारण सूक्ष्माच्या राज्यात निसर्गाचे नियम वेगळ्या रीतीने प्रत्ययाला येतात.

जिथे पाण्याची काकवी होते

विहिरीत पोहणारा मुलगा हात मारायचा थांबला, तरी थोडा पुढे सरकतो. जिवाणूचे तसे होत नाही. त्याच्या देहाच्या मानाने पाणी इतके चिकट ठरते, की त्याने पोहणे थांबवताच तो जागच्या जागी थबकतो. एका अणूच्या व्यासाइतकेही अंतर पुढे सरकत नाही. आपण काकवीने भरलेल्या कढईत पोहत आहोत अशी कल्पना केली, तर त्याची अवस्था थोडीफार ध्यानात येईल. नोबेल पारितोषिक विजेते पदार्थवैज्ञानिक एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात याची मोठी रसाळ उकल केली. शिंपला जसा उघडतो आणि मिटतो, तशी मागे-पुढे होणारी साधी हालचाल करून या जगात पुढे जाता येत नाही. उघडताना जेवढे अंतर कापले, तेवढेच मिटताना मागे यावे लागते. जिवाणूंनी यावर फार प्राचीन काळी तोड काढली आहे. त्यांची शेपटी मळसूत्रासारखी फिरते. बुचात शिरणारा स्क्रू जसा फिरत फिरत पुढे सरकतो, तसा जिवाणू पाण्यात शिरतो.

संशोधकांनी हीच युक्ती उचलली. २००९ साली हार्वर्ड विद्यापीठातील रोलँड संस्थेत अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी काचेची मळसूत्रे बनवली. त्यांची लांबी १ ते २ मायक्रोमीटर, रुंदी जेमतेम २०० ते ३०० नॅनोमीटर. म्हणजे माणसाच्या केसाहून शेकडो पटींनी बारीक. त्यांवर चुंबकीय धातूचा पातळ थर दिला आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवताच ती स्क्रूप्रमाणे फिरू लागली, हव्या त्या दिशेने पोहू लागली. एवढ्या लहान देहात बॅटरी वा मोटार बसवणे शक्य नाही. म्हणून शक्ती आणि दिशा दोन्ही बाहेरून द्यायची. या क्षेत्रातील पुष्कळसे कार्य याच तत्त्वावर उभे आहे.

पुढे घोष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि ही विद्या येथे रुजली. २०२२ साली त्यांनी देबायन दासगुप्ता, शण्मुख श्रीनिवास आदी सहकाऱ्यांसह तिचा एक उपयोग दाखवून दिला. तो अगदी सामान्य माणसाच्या दुखण्याशी निगडित आहे. दाताची मुळे साफ करून भरण्याचा उपचार, ज्याला सर्वजण रूट कॅनॉल म्हणतात, तो कधी कधी अयशस्वी होतो. दाताच्या आतील भागात असंख्य सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांच्या खोलवर काही चिवट जिवाणू दडून बसतात. जंतुनाशक द्रव त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ध्वनिलहरी वा लेसर किरण वापरले तरी द्रव सुमारे ८०० मायक्रोमीटरपर्यंतच जातो. बंगळुरूच्या संशोधकांनी सिलिका आणि लोह यांची मळसूत्रे या नलिकांत २,००० मायक्रोमीटर, म्हणजे २ मिलिमीटर, खोल नेली. तेथे चुंबकीय क्षेत्राने त्यांना तापवून जिवाणू मारले आणि नंतर ती मळसूत्रे परतही आणली. काढलेल्या दातांवर आणि उंदरांवर हे प्रयोग झाले. ही विद्या दवाखान्यापर्यंत न्यावी, यासाठी थेरानॉटिलस नावाची कंपनीही याच मंडळींनी काढली आहे.

म्हणजे या शर्यतीत भारत प्रेक्षकांच्या रांगेत बसलेला नाही, तो मैदानात आहे. परंतु प्रयोगशाळेतील यशस्वी प्रयोग आणि तालुक्याच्या गावातील दवाखान्यात मिळणारा उपचार, या दोहोंमध्ये फार लांबची वाट असते. ती वाट कशी चालावी लागते, हे पाहायचे तर केरळात चार दशकांपूर्वी घडलेल्या एका साधनेकडे वळावे लागेल.

चौथ्या प्रतिकृतीचे यश

घसा दुखण्याच्या साध्या संसर्गाकडे दुर्लक्ष झाले, की काही मुलांना संधिवाती ताप येतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब कुटुंबांतील मुले आणि तरुण स्त्री-पुरुष या व्याधीला अधिक बळी पडतात. झडप बदलणे हाच पुष्कळांना उपाय असतो. १९७० च्या दशकात कृत्रिम झडपा परदेशातून येत आणि ज्यांना त्यांची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच त्या परवडत नसत.

डॉ. एम. एस. वलियाथन इंग्लंड-अमेरिकेत शिकलेले हृदयशल्यचिकित्सक. १९७४ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेची धुरा त्यांनी हाती घेतली. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या वास्तूत ही संस्था उभी राहत होती. रुग्णालयाच्या जोडीला उपकरणे घडवणारी प्रयोगशाळा हवी, असा आग्रह वलियाथन यांनी धरला. पूजापुरा येथील जुन्या राजवाड्यात वैद्य आणि अभियंते एकत्र काम करू लागले. भारतीय झडप बनवायची, हा संकल्प होता.

हृदयाची झडप वर्षाकाठी सुमारे पावणेचार कोटी वेळा उघडते आणि मिटते. ती झिजता कामा नये, तुटता कामा नये, तिच्यावर रक्त गोठता कामा नये. असे द्रव्य कोणते? पहिल्या प्रतिकृतीचा टिटॅनियमचा सांगाडा जोडाच्या जागी तुटला. दुसरीत अखंड टिटॅनियम कोरून त्यात कृत्रिम नीलमण्याची चकती बसवली. त्या कठीण चकतीने धातू झिजवला. तिसरीत टिटॅनियमऐवजी कोबाल्टचा कठीण मिश्रधातू घेतला. ती यंत्रावरील चाचण्यांत उत्तीर्ण झाली, मेंढीच्या हृदयात बसवली गेली आणि काही महिन्यांनी तिची चकती फुटून मेंढी दगावली. वर्षानुवर्षांच्या श्रमांवर पाणी पडले. टीका करणारेही होते. आयात करता येते ती वस्तू पुन्हा घडवण्यासाठी सार्वजनिक पैसा कशाला घालवायचा, हा प्रश्न त्यांनी केला नसता तरच नवल.

वलियाथन यांच्या चमूने प्रकल्प गुंडाळला नाही. चौथ्या प्रतिकृतीत सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूचाच राहिला, चकती मात्र अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका विशेष प्रतीच्या प्लास्टिकची, झाली. रत्नाच्या जागी प्लास्टिक आले आणि झडप टिकली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवण्यात आली. पुढे टीटीके या उद्योगसमूहाने तिचे उत्पादन केले आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांना या झडपा बसवल्या गेल्या आहेत. २००५ साली राष्ट्राने वलियाथन यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. १७ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना किती जागा दिली आणि त्याच आठवड्यात क्रिकेटला किती दिली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

या कथेतून एक गोष्ट लख्ख दिसते. झडपेचे तत्त्व सर्वांना ठाऊक होते; अडत होते ते द्रव्यापाशी. सूक्ष्म यंत्रमानवांचेही तसेच आहे. कोणते जेल रक्तात कितीवेळ टिकेल, कोणता कण काम झाल्यावर शरीराबाहेर जाईल आणि कोणता यकृतात साठून राहील, कोणत्या पृष्ठभागावर रक्त गोठेल, या प्रश्नांची उत्तरे संगणकाच्या पडद्यावर पुरती मिळत नाहीत. धातुशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि शल्यचिकित्सक यांनी वर्षानुवर्षे एका छताखाली चुका कराव्यात आणि त्या प्रामाणिकपणे नोंदवाव्यात, तेव्हा कोठे ती हाती लागतात.

बाजारपेठ की कार्यशाळा?

येथे अर्थकारणाचा मुद्दा येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयाच्या धमनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये. तोवर औषध लावलेल्या स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वर रक्कम मोजावी लागत असे. सामान्य घरांना हा मोठाच दिलासा होता. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. सुरत, वापी अशा ठिकाणी स्टेंट बनवणारे देशी उद्योग तोपर्यंत उभे राहिले होते. ते नसते, तर परदेशी कंपन्यांनी माल देण्याचे थांबवले तर काय, या भीतीपुढे कोणत्याही सरकारचा हात आखडला असता. रुग्णाला न्याय देणारे धोरण आखायचे, तर त्यामागे स्वतःच्या कार्यशाळेचे बळ असावे लागते.

वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत भारत आजही मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. ही स्थिती पालटावी म्हणून अलीकडे काही पावले निश्चित पडली आहेत. उपकरणांसाठी २०१७ साली स्वतंत्र नियम झाले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. जुलै २०२५ मध्ये संशोधन व नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर आयआयटी मुंबईत २०१४ पासून वैद्यकीय उपकरणांचे 'बेटिक' हे केंद्र पुणे व नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांच्या साथीने कार्य करीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील प्रथिनापासून हाडांच्या पोकळ्या भरून काढणारे साहित्य घडवण्याचे काम झाले आहे.

तरीही एक आकडा अस्वस्थ करतो. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. कुपीचा कॅमेरा घडवणारा इस्रायल ५ टक्क्यांहून अधिक खर्च करतो. याचा दोष केवळ शासनाच्या माथी मारून चालणार नाही. विकसित देशांत या खर्चाचा मोठा वाटा खासगी उद्योग उचलतात. भारतातील बहुतेक उद्योगांना तयार तंत्र विकत घेणे सोयीचे वाटते. दहा वर्षांनी फळ देणाऱ्या झाडाला पाणी घालण्याची आणि तिसरी प्रतिकृती फुटल्यावर चौथीसाठी पैसे देण्याची वृत्ती उद्योगजगतात अजून रुजायची आहे.

आणखी एका सवयीचा उल्लेख अप्रिय वाटला तरी केला पाहिजे. असे काही नवे निघाले, की 'आमच्याकडे हे पूर्वीच होते' असे म्हणणारे वक्ते सभा जिंकतात. त्या वाक्याला टाळ्या मिळतात. रुग्णाला झडप मिळत नाही. वलियाथन यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांचा सखोल अभ्यास करून तिघांवर ग्रंथ लिहिले. पण आधी त्यांनी झडप घडवली होती. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. शस्त्राला क्षार, पाणी आणि तेल यांपैकी कशाचे पायन द्यावे, याचा विचार तेथे आहे. शिष्याने रुग्णावर हात टाकण्यापूर्वी कोहळा, काकडी यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा सराव करावा, अशी शिस्तही आहे. द्रव्याचे ज्ञान आणि हाताचा सराव, हाच त्या आचार्यांचा खरा वारसा होय. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी हा वारसा चालवला, तरच त्या नावाचा सन्मान होईल.

यासाठी प्रत्येक घराला करण्याजोगेही काही आहे. धातुशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांत रमणाऱ्या मुलाला वा मुलीला 'यात पगार किती' या एकाच तराजूवर तोलण्याची घाई पालकांनी करू नये. पस्तिशीपर्यंत शोधप्रबंधात गढलेल्या तरुणाकडे नातेवाइकांनी वाया गेलेला म्हणून पाहू नये. सार्वजनिक न्यास, बँका आणि दानशूर व्यक्ती इमारती बांधून देतात, हे स्तुत्यच आहे. त्यातील काही वाटा संशोधकाच्या चार-पाच वर्षांच्या निर्वाहासाठी ठेवला, तर त्या इमारतींत प्राण येईल. तद्वतच, 'नॅनो' हे अक्षर छापलेल्या प्रत्येक बाटलीवर आणि जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. चुंबकाने चालणाऱ्या या सूक्ष्म यंत्रांचा नित्याच्या उपचारांत अद्याप प्रवेश झालेला नाही, हे सत्य आहे. चाचण्यांच्या सर्व पायऱ्या पार पडल्याखेरीज तो होऊही नये.

तो होईल, त्या दिवशी पक्षाघाताचा झटका आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात आणले जाईल आणि धमनीत सोडलेली छोटीशी गोळी त्याच्या मेंदूतील गुठळीपर्यंत औषध घेऊन जाईल. ती गोळी भारतीय प्रयोगशाळेत घडलेली असेल, तर त्याच्या मुलाला उपचारासाठी जमीन गहाण टाकावी लागणार नाही. ती परदेशातून आलेली असेल, तर स्टेंटची जुनी कहाणी पुन्हा घडेल. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत मळसूत्रे फिरू लागली आहेत. त्यांच्या तीन प्रतिकृती फसल्या, तर चौथीसाठी थांबण्याची तयारी या समाजाने आजपासून ठेवावी.